हरवण्याचा सराव

"मतदारयादीत मेलेली माणसं आहेत, हे खरं आहे का?" सासूबाईंनी मटार सोलता सोलता विचारलं.

"असतील काही," मोठ्या बाई म्हणाल्या. "शोधतोय आम्ही."

"असं नाही म्हणायचं गं. तू अधिकारी आहेस. ठामपणे नाही म्हणायचं."

"पण आहेत ना, आई. मागच्या गल्लीतल्या टेलरकाकांचं नाव अजून आहे. वर्ष झालं त्यांना जाऊन. परवाच मी काढायला सांगितलं."

सासूबाईंनी मटाराची शेंग ताटलीत टाकली आणि सुनेकडे अत्यंत निराश नजरेनं पाहिलं. समोर स्टुलावर बाईंचे यजमान बसले होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, पण रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी ते कॅमेरामन व्हायचे, म्हणजे बायकोच्या डोळ्यांवर टॉर्च मारायचे. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची सवय मोडावी म्हणून हा उपाय त्यांनीच शोधला होता. त्यामुळे बाईंना चहाच्या कपात साखर गेली की माशी, हे गेले कित्येक दिवस दिसलेलं नव्हतं.

"नापास," सासूबाईंनी निकाल दिला. "उद्या पुन्हा."

मोठ्या बाई म्हणजे त्या गावाच्या निवडणूक अधिकारी. कारकुनीपासून चढत चढत वर आलेल्या. त्यांच्या कामात खोट काढायला बसलेला माणूस शेवटी त्यांच्याच कचेरीत चहा पिऊन आभार मानून जायचा. पण एक गोष्ट त्यांना जमत नव्हती. कॅमेरा समोर आला की त्यांच्या घशाला कोरड पडायची. आणि हे परवडणारं नव्हतं. मागच्या खेपेला शेजारच्या गावात तिथले अधिकारी कॅमेऱ्यासमोर नुसते अडखळले होते. काही झालेलं नव्हतं, त्यांना फक्त ठसका लागला होता. पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं की साहेब काहीतरी लपवताहेत. लोकांनी कचेरीच्या काचा फोडल्या, मतदान रद्द झालं, आणि ते साहेब हल्ली कुठल्याशा गोदामात जुन्या खुर्च्या मोजतात म्हणे. आता परवावर आलेलं आपलं मतदान असं मोडू नये, एवढीच बाईंची धास्ती होती. त्या धास्तीपायी त्या रोज टॉर्च सहन करत होत्या.

मुख्यालयालाही तीच धास्ती होती. म्हणून त्यांनी गावोगाव एक प्रशिक्षक पाठवला होता. संकट आलं तर पत्रकारांशी काय बोलावं, हे शिकवणारा. उंच, सुवासिक, बोलताना स्वतःच्याच वाक्यांवर खूश होणारा माणूस. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "संकट ही संधी आहे," आणि कचेरीनं त्याचं नाव संकटसाहेब ठेवून टाकलं.

संकटसाहेबांचे नियम सोपे होते. चेहरा प्रसन्न ठेवायचा. नको तो प्रश्न आला की "खरा मुद्दा असा आहे" म्हणून आपल्याला हव्या त्या मुद्द्यावर जायचं. आणि काहीही झालं तरी "मला माहीत नाही" हे तीन शब्द उच्चारायचे नाहीत. बाई नेमक्या तेच तीन शब्द दिवसातून पंचवीस वेळा उच्चारायच्या. संकटसाहेबांनी त्यांच्यापुढे जवळजवळ हात टेकले होते.

"मॅडम, माहीत नसलं तरी माहीत असल्यासारखं बोला."

"आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तर?"

"तेव्हाही माहीत असल्यासारखं बोला."

"म्हणजे दोनदा खोटं."

"खोटं नाही हो, मॅडम. संवाद."

त्या दिवशी संकटसाहेबांच्या प्रशिक्षणाचा शेवटचा टप्पा होता. खोट्या संकटाला माणसं खोटीच घाबरतात, असं त्यांचं मत होतं. तेव्हा संकट थोडं तरी खरं हवं. म्हणून दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी राखीव पेट्यांमधली एक पत्र्याची मतपेटी उचलली आणि लपवून ठेवली. कोणाला म्हणजे कोणालाही ताकास तूर लागू दिली नाही, अगदी बाईंनाही.

जेवणानंतर पेट्या मोजल्या तर एक कमी. कोठीवरच्या कारकुनानं पुन्हा मोजल्या. मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग सगळ्यांचंच पळालं. सगळे पुरेसे पांढरेफटक पडल्यावर संकटसाहेब टाळ्या वाजवत आत आले.

"अभिनंदन. तुमच्यावर संकट कोसळलेलं आहे. पेटी मी लपवलीय, काळजी नको. आता मॅडम माईकवर येऊन निवेदन करतील. अगदी खरं समजून."

बाईंनी एक दीर्घ श्वास घेतला, माईक हातात घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडची एक मतपेटी सापडत नाही."

आवाज पहिल्यांदाच इतका छान लागला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संकटसाहेब म्हणाले, "वा." वातावरण खरं वाटावं म्हणून त्यांनी आग्रहानं खरा माईक मागवला होता. तो माईक अंगणातल्या दोन कर्ण्यांना जोडलेला होता, हे मात्र ना त्यांना ठाऊक होतं ना टाळ्या वाजवणाऱ्यांना.

अंगणातल्या बाकांवर दोन्ही उमेदवारांची माणसं बसली होती. संध्याकाळी पेट्यांच्या खोलीला सगळ्यांसमक्ष सील लागायचं, त्यासाठी ती आली होती. तोवर ती एकमेकांना विड्या देत गप्पा मारत होती. कर्ण्यातून वाक्य आलं आणि एक गट ताडकन उठला.

"चोरली यांनी."

"आम्ही? पेटी तुमच्याच माणसांनी पळवली असणार. सकाळपासून तो जाड्या कोठीभोवती घुटमळत होता."

"तो संडास शोधत होता."

शिपाई धावत आत आला आणि त्यानं बाहेर काय चाललंय ते सांगितलं. संकटसाहेब हसले. "उत्तम. याला म्हणतात खरा सराव. मी पेटी आणून दाखवतो, की मिटलं." ते डुलत डुलत जिन्याकडे गेले. जिन्याखाली एक केरसुणी होती, एक मोडका पंखा होता. पेटी नव्हती.

संकटसाहेब परत आले तेव्हा त्यांचा प्रसन्न चेहरा तसाच होता, फक्त त्यातला रंग गेला होता.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "पेटी सापडत नाही."

"सराव संपला ना, साहेब?"

"संपला. म्हणूनच सांगतोय."

मग अख्खी कचेरी पेटी शोधायला लागली. कपाटं उघडली, टेबलं सरकवली, गच्ची पाहिली, पाण्याच्या टाकीत डोकावून झालं. एका टायपिस्टबाईंनी स्वतःची पर्ससुद्धा उघडून दाखवली. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. सासूबाई होत्या.

"टीव्हीवर खाली पट्टी फिरतेय, मतपेटी गायब म्हणून. हे खरं आहे की तुमचा सराव?"

"दोन्ही, आई."

"दोन्ही कसं?"

बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं.

"मग तेच सांग की लोकांना," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सांगणं भाग होतं, कारण पत्रकार येऊन धडकले होते. त्यांच्यात सगळ्यात पुढे होती उलटतपासणी. हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे. एका वाहिनीची ती वार्ताहर होती आणि तिच्यापुढून भलेभले पुढारी रुमालानं मान पुसत उठायचे. आज मुळात ती मतदानाच्या तयारीवर बाईंची साधी मुलाखत घ्यायला येणार होती. तिचा कॅमेरावाला तर सराव चालू असतानाच येऊन वरच्या मजल्यावर सभागृहात कॅमेरा लावून बसला होता. साध्या मुलाखतीच्या जागी आयती मेजवानी मिळाल्यामुळे तिचे डोळे चमकत होते.

जिन्यावर संकटसाहेबांनी बाईंना गाठलं. "मॅडम, एकच वाक्य. 'अंतर्गत प्रक्रिया सुरू आहे.' बस."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काहीच नाही. तेच तर त्याचं सौंदर्य आहे."

शेजारच्या गावातले ते साहेब आणि त्या जुन्या खुर्च्या बाईंच्या डोळ्यांसमोर होत्या. खोटं बोललं तर निभावेल, असं संकटसाहेबांचा अनुभव सांगत होता. खरं बोललं तर हसं होईल, हे बाईंना स्वतःलाच दिसत होतं. त्यांनी पदरानं चेहरा पुसला आणि त्या सभागृहात शिरल्या.

खच्चून गर्दी होती. पुढे पत्रकार, डाव्या भिंतीला एका उमेदवाराची माणसं, उजव्या भिंतीला दुसऱ्याची, पाठीमागे कॅमेरे. बाई बसल्या. दोन्ही हात त्यांनी सरळ टेबलावर ठेवले.

"आमची एक राखीव, रिकामी मतपेटी सापडत नाही," त्या म्हणाल्या. "ती कोणी चोरलेली नाही. आम्हीच लपवली होती. पेटी हरवली तर तुमच्याशी काय बोलायचं, याचा सराव करायचा होता म्हणून. सराव चांगला झाला. पेटी मात्र हरवली."

लिहिणारी पेनं थांबली. डावी भिंत उजव्या भिंतीकडे पाहायला लागली. कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग खोकल्याचं सोंग केलं. संकटसाहेबांनी कोपऱ्यात डोळे मिटून घेतले.

उलटतपासणी मात्र हसली नाही. "पेटी रिकामी होती कशावरून?"

"सकाळी मी स्वतः उघडून पाहिली होती. पण माझ्या शब्दावर राहू नका. सापडली की तुमच्यासमोर उघडू."

"आणि नाही सापडली तर? परवा तीच पेटी भरलेली येऊन उभी राहिली तर?"

"तिचा नंबर सगळ्या केंद्रांवर कळवलाय. दोन्ही उमेदवारांनाही लेखी दिलाय. ती पेटी कुठेही आली तरी तिच्यातलं एकही मत धरलं जाणार नाही."

हे बाईंनी केव्हा केलं, कोणालाच माहीत नव्हतं. लोक टाक्यांत डोकावत होते तेव्हा त्या दहा मिनिटं आपल्या टेबलाशी बसल्या होत्या, एवढंच शिपायानं पाहिलं होतं. घाबरलेली बाई बसून राहिलीय, असं त्याला वाटलं होतं. आपल्याला विचाराल तर माणूस घाबरतो की नाही याला काही अर्थ नाही. घाबरल्यावर तो काय करतो, ते पाहावं.

"पेटी आत्ता कुठे आहे?"

"मला माहीत नाही."

कोपऱ्यातून संकटसाहेबांचा बारीकसा कण्हल्याचा आवाज आला.

"केव्हा सापडेल?"

"तेही माहीत नाही. पण मला कळेल त्या क्षणी तुम्हाला कळेल. त्यात मिनिटाचाही उशीर करणार नाही."

डाव्या भिंतीकडचा जाड्या, तोच तो संडास शोधणारा, शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "बाई खरं बोलताहेत बहुतेक." शेजारी म्हणाला, "हो ना. आता ओरडायचं कशाबद्दल?"

उलटतपासणीनं वही मिटली नाही. ती हाडाची वार्ताहर होती आणि तिचं चुकतही नव्हतं. "लपवणाऱ्यानं पेटी नक्की कशी लपवली, ते त्याच्याच तोंडून ऐकायचंय."

बाईंनी संकटसाहेबांकडे पाहिलं. संकटसाहेब उठले. गावोगाव इतरांना माईकसमोर उभं राहायला शिकवणारा तो माणूस स्वतः आयुष्यात पहिल्यांदाच खऱ्या माईकसमोर उभा राहत होता.

"खरा मुद्दा असा आहे की…"

"लपवली कशी?"

"जिन्याखाली," ते म्हणाले.

"नुसती? उघडी?"

"नाही… म्हणजे…" त्यांचा आवाज खोल गेला. "एका खोक्यात घालून. झेरॉक्सच्या कागदांचं रिकामं खोकं होतं, निळ्या पट्ट्यांचं. मतपेटी रद्दीच्या खोक्यात घातली, हे सांगायला बरं वाटेना, म्हणून बोललो नव्हतो."

म्हणजे अख्खी कचेरी दुपारभर पत्र्याची पेटी शोधत होती आणि पुठ्ठ्याची खोकी ओलांडून जात होती. बाई यावर काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर सहज गर्दीच्या डोक्यांवरून मागे गेली. सगळ्या सभागृहात मागच्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्या एकट्याच होत्या.

उलटतपासणीचा कॅमेरावाला कानाला हेडफोन लावून, डोळा कॅमेऱ्याला चिकटवून इमानानं चित्रण करत होता. तो उंचीनं बेताचा होता. पुढच्या डोक्यांवरून दिसावं म्हणून तो कशावर तरी उभा होता. त्या कशावर तरी निळ्या पट्ट्या होत्या. पुठ्ठ्याचा एक कोपरा त्याच्या बुटाखाली फाटला होता आणि आतून पत्रा चमकत होता.

बाईंच्या चेहऱ्यावरून संकटसाहेबांनी मागे पाहिलं आणि त्यांनाही ते दिसलं. ते झटकन वाकले. "मॅडम, आत्ता नको," ते बाईंच्या कानाशी कुजबुजले. "शेवटचा प्रश्न घ्या, चहा सांगा, सगळे खाली गेले की मी गुपचूप काढतो. कोठीत सापडली म्हणू. पाया पडतो."

सल्ला अगदीच टाकाऊ नव्हता. दोन मिनिटं गप्प राहिलं की सगळं निस्तरत होतं. अब्रू राहिली असती, संध्याकाळी सील लागलं असतं, कोणाला कधी पत्ताही लागला नसता. बाईंनाही मोह झाला, हे सांगितलंच पाहिजे. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

"एक नवी माहिती आत्ताच मिळालीय," त्या म्हणाल्या. "पेटी सापडली."

एकच गलका झाला. उलटतपासणी उभीच राहिली. "कुठे?"

"याच खोलीत आहे."

"या खोलीत?" तिचा आवाज चढला. तिला वाटलं, आता सापडल्या बाई. "कोणाच्या ताब्यात?"

"तुमच्या," बाई म्हणाल्या.

सगळ्या माना एकदम मागे वळल्या. त्यांच्यापाठोपाठ उरलेले सगळे कॅमेरे वळले. आपल्याकडे इतकी माणसं का बघताहेत हे कॅमेरावाल्याला कळेना. आवाज नीट येतोय का विचारत असतील असं समजून त्यानं अंगठा वर केला.

त्याला खाली उतरवून खोकं फाडलं तर आत पेटी. "जिन्याखाली पडलं होतं," तो बिचारा सांगत होता. "रद्दीचं वाटलं. मजबूतही वाटलं. म्हटलं, उभं राहायला बरंय."

मग जे झालं ते त्या गावात अजून चवीनं सांगतात. दुसऱ्या वाहिनीच्या पोरांनी उलटतपासणीच्या तोंडापुढे माईक धरले. "मॅडम, तुमच्या वाहिनीकडे मतपेटी कशी आली?" "संपादकांना कल्पना होती का?" डावी भिंत आणि उजवी भिंत आयुष्यात पहिल्यांदा एकमुखानं ओरडली, की कट वाहिनीचाच आहे. आणि भल्याभल्यांना घाम फोडणारी ती बाई रुमालानं मान पुसत म्हणाली, "यावर आत्ता काही बोलणं उचित होणार नाही. आमची अंतर्गत प्रक्रिया सुरू आहे."

संकटसाहेबांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ते वाक्य त्यांचं होतं.

बाईंच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्यानं ही मजा अजून थोडा वेळ चालू दिली असती. उलटतपासणीनं आजवर कमी का लोकांना रडवलं होतं? पण बाई उठल्या आणि गर्दीतून वाट काढत मागे आल्या.

"त्यांना काही विचारू नका," त्या म्हणाल्या. "खोकं उघड्यावर आम्ही ठेवलं. रद्दीच्या खोक्यात मतपेटी असेल, असं कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. दोष उचलणाऱ्याचा नाही, ठेवणाऱ्याचा आहे, आणि ठेवणारे आमच्या कचेरीचे पाहुणे होते, म्हणजे तो माझा आहे. आता पेटी उघडते. दोन्हीकडून एकेक माणूस पुढे या."

पेटी उघडली. डावीकडच्या जाड्यानं आत हात घातला, कोपरापर्यंत घातला, चाचपला. उजवीकडच्यानं तोंडच आत घातलं. काहीही नव्हतं. रिकाम्या पेटीकडे पाहून इतकी माणसं एकाच वेळी खूश झाल्याचं त्या कचेरीनं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ठरल्याप्रमाणे खोलीला सील लागलं.

अर्थात रात्रीच्या बातम्यांत बाईंचं हसं झालंच. "सराव चांगला झाला, पेटी मात्र हरवली" हे वाक्य लोकांनी एकमेकांना पाठवून पाठवून झिजवलं. यजमानांच्या दुकानात गिऱ्हाईकं चष्म्याची काच न बघता त्यांनाच बघायला यायला लागली. सासूबाईंनी सुनेला पास केलं, पण काठावर. त्यांच्या मते पाणी पिताना पेला फार जोरात ठेवला होता. मुख्यालयानं संकटसाहेबांना शाबासकीचं पत्र दिलं, कारण इतका हुबेहूब सराव दुसऱ्या कुठल्याच गावात झाला नव्हता.

मतदान शांतपणे पार पडलं. मोजणी मात्र कठीण निघाली. सकाळी एक पुढे, दुपारी दुसरा. शेवटी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी निकाल फिरला. बाईंनी फेरमोजणी करून घेतली. फरक तेवढाच राहिला. निकाल वाचायला त्या बाहेर आल्या तेव्हा अंगण माणसांनी गच्च भरलं होतं. हरलेल्या गटाच्या काही पोरांनी खिशात दगड आणले होते, हे पोलिसांना कळलं होतं. बाईंनाही कळलं होतं. त्यांनी आकडे वाचले. आवाज थोडा कापरा झाला, तो त्यांनी तसाच राहू दिला.

हरलेला उमेदवार पायरीवर उभा होता. चेहरा काळवंडलेला. त्याची माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्यानं एक शब्द उच्चारला असता तर पुढचं सगळं आपोआप झालं असतं.

उलटतपासणी गर्दीतून त्याच्यापर्यंत पोचली आणि तिनं माईक पुढे केला. "इतक्या थोडक्यात हरलात. मोजणीत काही गडबड झाली असेल, असं वाटतं का तुम्हाला?"

त्यानं बाईंकडे पाहिलं. बाईही त्याच्याकडेच बघत होत्या.

"गडबड झाली असती," तो खांदे पाडून म्हणाला, "तर बाईंनी आपण होऊन सांगितली असती. तुम्ही विचारायच्या आधी."

मग त्यानं जिंकलेल्याशी हात मिळवला आणि माणसांना घरी जायला सांगितलं. पोरांनी जाता जाता कुंपणाशी खिसे रिकामे केले. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या शिपायानं ते दगड गोळा केले आणि बागेतल्या आळ्यांना लावून टाकले.